मागच्या दाराची फळी

आमच्याकडे थंडी अशी पडतच नाही. खाडीच्या कडेला राहणाऱ्यांना ती पहाटेपुरती भेटते आणि ऊन चढलं की निघून जाते. कोपर गावाच्या बाजूने वारा येतो. त्याला ओहोटीच्या चिखलाचा आणि वाळत घातलेल्या सुकटीचा वास असतो. दारातल्या आंब्याला कुठेतरी एखादा तुरा दिसतो. डोंबिवलीची माणसं एवढ्यावरच कपाटातले स्वेटर काढतात आणि हिवाळा आला असं म्हणतात. माझ्या हिवाळ्यात आणखी एक वास मिसळलेला असतो, नव्या, तेल दिलेल्या चामड्याचा. खरं तर तो वास आता कुठेच नाही. ते चामडं जुनं झालं, तडकलं. पण पौष सरत आला की तो येतो आणि जेवता जेवता माझा हात थांबतो. बायकोला ते ठाऊक आहे.

परवा वर्तमानपत्रात एक फोटो आला होता. घाटावरच्या एका छोट्या रेल्वेला, नॅरो गेजच्या गाडीला, शंभर वर्षं होताहेत म्हणून समारंभ चाललेत. फोटोत ते बुटकं इंजिन झेंडूच्या माळा घालून उभं होतं आणि त्याच्या शेजारी ओळीने जुन्या मोटारी. सगळ्यांच्या पुढून एक दोरी बांधलेली होती आणि दोरीला पाटी लटकत होती. पाटीवरची अक्षरं फोटोत लागत नव्हती. मला ती लागायची गरजही नव्हती. अशा पाटीवर काय असतं ते मला पाठ आहे. मी स्वतः एकदा तशी पाटी रंगवली आहे, पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत, पट्टी लावून, अगदी मन लावून.

आमची मोटार दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची. डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या अंगाला त्यांचा दवाखाना होता. एका निवृत्त इंग्रज साहेबाच्या मुनिमाकडून त्यांनी ती तिसऱ्या की चौथ्या हाताने घेतली होती. काळी, उंच, चार दारांची, पुढे दोन मोठे दिवे डोळे वटारल्यासारखे. तेव्हा स्टेशनच्या या बाजूला मोटार म्हणजे तीच. रात्रीबेरात्री बांधावरून, मिठागरांच्या कडेने दादा तिच्यातून रोग्यांकडे जात. परत येताना मागच्या सीटवर टोपलीत खाडीतली मासळी असायची, निवट्या, खरबी, कधी चिंबोऱ्या. आई नाक मुरडायची. आम्ही देशस्थ, शाकाहारी. ती टोपली तशीच शेजारी जायची. पण दादांनी ती कधी नाकारली नाही. "देणाऱ्याचा हात मागे ढकलू नये," म्हणायचे.

हिवाळ्यात मोटार सुरू होत नसे. हँडल मारून मारून दादांच्या कपाळावर घाम यायचा, मग ते खिडकीतून हात बाहेर काढायचे आणि गल्लीतली सगळी कामं टाकून माणसं ढकलायला यायची. लग्नसराईत तर हा सोहळाच असे. कारण कोळीवाड्यातली प्रत्येक नवरी आमच्या मोटारीतून सासरी जायची. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, माहीत नाही. माझ्या आठवणीत हे असंच होतं. नवरी मागे बसलेली, मुंडावळ्या, अंगभर हळदीचा वास, पुढे दादा कोट घालून, आणि मागून अख्खी वरात बंपरला खांदा लावून.

"जोर लावा रं! नवरीचा बा खातो किती नि ढकलतो किती!"

"अरं, नवरीच जड हाय, सगला हलवा खाऊन बसलीय!"

आतून नवरी रडता रडता हसायची. मोटार एकदा खोकायची, थरथरायची, आणि निळा धूर सोडून चालू व्हायची. मग जो ओरडा व्हायचा, तो पलीकडच्या काठापर्यंत जात असेल.

पण त्याच्या आधी एक गोष्ट व्हायची. तिच्याबद्दलच मला लिहायचं आहे, आणि तिच्याभोवतीच मी मघापासून घुटमळतो आहे.

लेक सासरी निघाली की माहेरच्या भिंतीवर कुंकवाचा हात उमटवून जाते. ही रीत पुष्कळ ठिकाणी आहे. पण तेव्हाच्या कोळीवाड्यातल्या भिंती कुडाच्या. भरतीला आणि पावसाला खाडी घरात यायची, लिंपण उतरायचं, आणि लेकीचा हात चार महिन्यांत चिखलात जायचा. म्हणून कोण्या शहाण्या बाईने कधीतरी म्हटलं असेल, भिंत जाते, डाक्टरची गारी काही जात नाय. तेव्हापासून नवरी मोटारीत बसण्याआधी मागच्या दाराच्या आतल्या बाजूला हात उमटवायची. त्या दाराचं मूळ अस्तर उंदरांनी केव्हाच खाल्लं होतं. दादांनी त्या जागी कोळीवाड्यातल्या सुताराकडून सागाची फळी बसवून घेतली होती, होडी बांधून उरलेली. कुंकू तेलात कालवलेलं असे. वाळलं की सुतार त्यावर होडीला देतात ते रोगण फिरवायचा. मग तो हात पक्का. दार उघडलं की लाल, तपकिरी, जुने होऊन काळपट झालेले ते सगळे हात एकदम दिसायचे. एकावर एक, बोटांत बोटं अडकल्यासारखे. लहानपणी मला त्यांची भीती वाटायची. कॉलेजात गेल्यावर लाज वाटायला लागली.

पारूचं लग्न झालं तेव्हा मी कॉलेजातच होतो. पारू म्हणजे हिराबायची मुलगी. हिराबाय आमच्या गल्लीत मासळी विकायची. आमच्याकडे मासळी घेत नसत, तरी टोपली उतरवून ओट्यावर बसायची, आईकडून पाणी मागायची आणि जगभराच्या बातम्या द्यायची. नवरा दर्यावर गेलेला परत आला नव्हता. तिला ती एकच मुलगी. पारूची उजवी करंगळी वाकडी होती. लहानपणी कोयत्यावर बोट पडलं होतं, दादांनीच टाके घातले होते, पण बोट सरळ झालं नाही. त्यावरून मी तिला चिडवायचो, ती मला "चष्मिस" म्हणायची.

माघातलं लग्न. ठाण्याला, चेंदणीला दिली होती. निघायच्या वेळी तिने फळीवर हात ठेवला तो सगळ्यांच्या वर, कोपऱ्यात, जिथे जागा मोकळी होती. चवड्यांवर उभी राहून दाबून ठेवला. काढल्यावर पाहिलं तर करंगळी वेगळीच, बाहेर वळलेली.

"ए चष्मिस," ती मला म्हणाली, "एवढ्या हातांत माझा कंचा, ते आता सांगाया नको. करंगळी बघ."

हिराबाय तोंडाला पदर लावून म्हणाली, "मेली, जाताना पण तोंड चालू."

त्याच पावसाळ्यात पारूला कावीळ झाली आणि ती गेली. दादा ठाण्याला जाऊन आले, पण तोवर उशीर झाला होता. लग्नात काढलेला एकुलता एक फोटो सासरी होता. नवऱ्याचं पुढे दुसरं लग्न झालं आणि तो फोटो कुठे गेला, कुणालाच सांगता आलं नाही.

मग माघात, लग्नाच्या तिथीला, हिराबाय टोपली न घेता आली. नवं लुगडं नेसलेली. दादा दवाखान्यात जायला निघाले होते. तिला पाहून ते थांबले. त्यांनी मोटारीचं मागचं दार उघडलं आणि आपण घरात जाऊन बसले. ती दारापाशी उभी राहिली. हात वर केला, फळीच्या त्या कोपऱ्यात ठेवला. पंजावर पंजा. किती वेळ, ते मी पाहत राहिलो नाही, मला परीक्षेचा अभ्यास होता. नंतर तिने दार लावून घेतलं, आईकडून पाणी घेतलं आणि गेली.

दरवर्षी असंच. माघ आला की आई सकाळीच म्हणायची, "आज हिराबाय येईल." दादा त्या दिवशी मोटार बाहेर काढत नसत. मी नोकरीला लागलो, लग्न झालं, मुलगी झाली. हिराबाय येत राहिली. आमच्या घरात तो दिवस सणासारखाच होता, फक्त गोडाधोडाचं काही नसायचं.

आता त्या हिवाळ्याकडे येतो.

शहाऐंशी साल संपत होतं. जगात पहिली मोटार धावली त्याला शंभर वर्षं झाली म्हणून जिकडेतिकडे जुन्या मोटारींची प्रदर्शनं भरत होती. ठाण्यात एका शाळेच्या मैदानावर असंच एक फेब्रुवारीत ठरलं. मोटारी तर होत्याच, शिवाय डोंगरातल्या छोट्या गाडीचं एक निवृत्त नॅरो गेज इंजिन ट्रेलरवर घालून आणायचं होतं. ऑफिसातल्या कुणीतरी मला सांगितलं, आणि मला एकदम वाटलं, आमची मोटार! ती तोवर बरीचशी पडूनच होती. दादांनी दवाखाना कमी केला होता. मी तिच्याकडे कधी प्रेमाने पाहिलं नव्हतं. पण शंभरी, समारंभ, वर्तमानपत्रात फोटो, या शब्दांनी ती माझ्या डोळ्यांसमोर वेगळीच उभी राहिली. खरं सांगायचं तर मीच वेगळा उभा राहिलो. ऑफिसात मला कुणी ओळखत नव्हतं. जुन्या मोटारीचा मालक म्हणून ओळखतील असं वाटलं.

दादांना विचारलं. त्यांचा चेहरा फुलला. "ने की. रंग दे, चाकं बदल, काय हवं ते कर. मागच्या दाराला तेवढा हात लावू नकोस."

"नाही लावत," मी म्हणालो.

मी ऐकलं नव्हतं असं नाही. समजलं नव्हतं असंही नाही.

प्रदर्शनाआधी संयोजकांपैकी एक गृहस्थ मोटार पाहायला आले. खाकी पँट, गळ्यात रुमाल, बोलणं गोड. बॉनेट उघडून खूश झाले, दिव्यांवर बोट फिरवून खूश झाले. मग मागचं दार उघडलं आणि थबकले.

"हे काय? पॅकिंगच्या खोक्याची फळी आहे का? आणि हे लाल डाग कसले?"

त्या क्षणी मी सांगू शकलो असतो. दोन वाक्यं पुरली असती. त्यांना ते आवडलंही असतं कदाचित. पण त्यांच्या रुमालाकडे पाहत मी म्हणालो, "जुनं आहे काहीतरी. काढायचंच आहे."

"मग काढा. मूळ रूप हवं. आतून चामडं करून घेतलंत, तर पहिला नंबर कुठे जात नाही."

मग मोटार शीळफाट्याला यासीनभाईंच्या गॅरेजमध्ये दिली. तिथे उघड्या माळावर पत्र्याची शेड, समोरून ट्रक जात, सगळ्यावर धुळीचा थर. मी स्वतः उभा राहून फळी काढून घेतली. स्क्रू गंजले होते, निघताना किंचाळले. यासीनभाईंनी फळी उचलून उन्हात धरली. "साहब, ये क्या है? किसी की दुआ-मन्नत?"

"नाही हो, असंच. बाजूला ठेवा. प्रदर्शन झालं की परत बसवू."

हे मी मनापासून म्हटलं होतं. परत बसवायचीच होती. त्याच दिवशी रिक्षात घालून घरी आणली असती, तर काहीच झालं नसतं. पण फळी लांब होती, रिक्षातून बाहेर आली असती, दादांनी पाहिली असती. प्रदर्शन होईपर्यंत त्यांना कळू नये असं मला वाटत होतं. ती शेडच्या भिंतीला टेकून ठेवली आणि मी घरी आलो. रात्री जेवताना दादांनी विचारलं, "कुठवर आलं?" मी रंगाचं सांगितलं, चाकांचं सांगितलं.

प्रदर्शनाचा दिवस फार देखणा होता. इतक्या वर्षांनी, एवढं सगळं झाल्यावरही, मला ते नाकारता येत नाही. मैदानावर सकाळचं ऊन, पताका, सनई. जुन्या मोटारींचे मालक शेरवान्या घालून आलेले. मधोमध ते छोटं इंजिन ट्रेलरवर. हिरवा रंग दिलेलं, पितळ घासून सोनं केलेलं. नळीने दाबलेली हवा सोडून त्याची शिट्टी वाजवत होते, आणि दर वेळी पोरं कानांवर हात ठेवून किंचाळत होती. आईबापांनी पोरांना खांद्यावर घेतलेलं. सगळीकडे दोऱ्या, सगळीकडे पाट्या. माझ्या मोटारीच्या आरशालाही मी माझी पाटी लटकवली होती. हात लावू नये.

मोटार गॅरेजमधून थेट मैदानावर आली होती. दादा आईला घेऊन दुपारी आले. तोच तपकिरी कोट, जो ते नवरीला सोडायला जाताना घालत. मोटारीभोवती एक फेरी मारली. रंगावरून हात फिरवला. पाटी वाचली आणि हसले. "मला पण?"

मग त्यांनी मागचं दार उघडलं.

नवं चामडं उन्हात चमकलं. वास आला. त्यांनी दार हळूच लावलं, इतकं हळू की कडी लागली तेही ऐकू आलं नाही.

"फळी कुठे आहे?"

"यासीनभाईंकडे आहे दादा. नीट ठेवलीय. उद्या आणतो."

"आज आण."

"आज संध्याकाळी बक्षीस समारंभ आहे. मोटार सोडून कसं जाऊ?"

"मोटार राहू दे. तू जा. रिक्षाने जा."

आई म्हणाली, "अहो, आता एवढं त्याचं कौतुक चाललंय, उद्या आणेल की."

मी म्हणालो, "उद्या सकाळी पहिल्यांदा तेच काम."

दादा बक्षिसाला थांबले नाहीत. आईला घेऊन बसने घरी गेले. मी थांबलो. पहिला नाही, दुसरा नंबर आला. टाळ्या झाल्या, चषक मिळाला, फोटो निघाला. त्या फोटोत मी हसतो आहे. माझा तेवढा हसरा फोटो दुसरा नाही.

सकाळी शीळफाट्याला गेलो. भिंतीपाशी फळी नव्हती. यासीनभाई चहा पीत होते.

"फळी?"

"कौनसी? अच्छा, वो लालवाली." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. वॉचमनला हाक मारली. तो म्हातारा माणूस होता, कानटोपी घातलेला. त्याने शेडमागे बोट दाखवलं. तिथे राखेचं वर्तुळ होतं.

"ठंड बहुत थी, सेठ. वो लकड़ी जल्दी पकड़ ली. कल शामतक तो इधरीच थी."

कालची संध्याकाळ. टाळ्या वाजत होत्या तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती.

यासीनभाई बिचारे उठून उभे राहिले. "साहब, आपने बोला बाजू में रखो, मैंने रखा. बोलायचं ना, इतना जरूरी है करके. मैं घर ले जाता, खाट के नीचे रखता."

मी राखेत हात घातला. राख अजून कोमट होती. बोटांना एक स्क्रू लागला. बाकी काही नाही. रोगणाचं लाकूड छान पेटतं. म्हाताऱ्याला ऊब मिळाली असेल. त्याच्यावर रागावण्याचाही मला हक्क उरला नव्हता.

तो स्क्रू मी खिशात घातला आणि नंतर कुठेतरी हरवला.

त्याच आठवड्यात ती तिथी होती. सगळ्या गडबडीत मी ती विसरलो होतो. दादा विसरले नव्हते. म्हणून तर "आज आण" म्हणाले होते.

त्या दिवशी सकाळी मी घरीच होतो. मोटार अंगणात, धुऊनपुसून ठेवलेली. हिराबाय फाटकातून आत आली आणि मोटार पाहून थांबली. मग तिचा चेहरा उजळला. "आगं बाय! नवरीवानी सजवलीय!" तिने बॉनेटवरून, दिव्यांवरून हात फिरवला. आरशापाशी आली. पाटी तिथेच लटकत होती, मी काढायला विसरलो होतो.

"यो काय लिवलंय रं, दिनू?"

मी म्हणालो, "गाडीचं नाव आहे."

"बरा नाव हाय," ती म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं.

दादा ओट्यावर येऊन उभे राहिले होते. त्या दिवशी त्यांनी दार उघडलं नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले, आणि मला कळलं की ते मलाच उघडायचं आहे.

"उघर ना रं," हिराबाय म्हणाली. "मना परत बाजारात जायाचा हाय."

मी दार उघडलं.

तिने सवयीने हात वर केला आणि तो हवेतच राहिला. कोपरा शोधत तिची नजर वर-खाली फिरली. खाली वाकून पाहिलं. पलीकडच्या दाराकडे पाहिलं, आपण बाजू चुकलो की काय म्हणून. मग माझ्याकडे. मी बोलायला सुरुवात केली. प्रदर्शन, चामडं, शीळफाटा, वॉचमन, थंडी. प्रत्येक शब्द तोंडातून निघताना मला आणखी लहान करत होता. ती ऐकत होती की नाही, मला माहीत नाही. मी थांबलो.

तिने हात पुढे नेला आणि चामड्याच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे तो असायचा तिथेच, ठेवला. पंजा पूर्ण पसरून. थोडा दाबला.

"मऊ हाय," ती म्हणाली.

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी जगलो असतो. कोळणीच्या तोंडाला अख्खी गल्ली घाबरायची. त्या तोंडातून माझ्यासाठी एवढंच आलं. तिने दार लावलं, आईने पुढे केलेलं पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि गेली.

संध्याकाळी मी दादांच्या खोलीत गेलो. माफी मागायची होती. ते खिडकीपाशी बसले होते. माझं अर्धं बोलणं झाल्यावर त्यांनी हाताने थांबवलं.

"ती फळी आपली नव्हती, दिनू," ते म्हणाले. "आपल्याकडे ठेवायला दिलेली होती."

त्यानंतर या विषयावर ते कधीच बोलले नाहीत. चषक मी कपाटात मागे सारला. त्यांनी तो कधी काढून पाहिला नाही, आणि मला कधी फेकून दे असंही म्हटलं नाही.

मला वाटलं होतं, हिराबाय आता यायची नाही. तशी ती आली नसती तर बरं, असंही कुठेतरी वाटत होतं. पण पुढच्या माघात ती आली. तेच नवं लुगडं आता जुनं झालेलं. दार उघडायचं काम तेव्हापासून माझं. ती चामड्यावर हात ठेवायची, तेवढाच वेळ, त्याच कोपऱ्यात. खाली पारूचा पंजा नव्हता, करंगळी नव्हती, काही नव्हतं. नुसती जागा होती. मी आता घरात जात नसे. तिच्या मागे उभा राहायचो. वर्षातून तेवढी एकच सकाळ मी स्वतःपासून पळत नसे.

दादा गेले. त्यांना न्यायला कोळीवाडा लोटला होता. खांदा द्यायला इतके हात पुढे आले की आम्हा घरच्यांना जागा मागून घ्यावी लागली. त्या दिवशीही हिराबाय मोटारीपाशी उभी होती, बॉनेटला टेकून.

कोळीवाड्यातल्या नवऱ्या तोवर भाड्याच्या पांढऱ्या मोटारींतून जायला लागल्या होत्या. कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या झाल्या, त्यावर मजले आले. विटांच्या भिंतीवर कुंकवाचा हात छान टिकतो. आमच्या मोटारीची कुणाला गरज राहिली नव्हती. खाडीत रेती काढणाऱ्या बोटी आल्या, निवट्या दिसेनाशा झाल्या. एका माघात हिराबाय आली नाही. दुपारी तिचा पुतण्या आला. म्हणाला, "आत्या गेली परवा. निरोप द्यायला सांगितलेलं तिनं, की येणार नाय म्हणून वाट बघू नका." मग त्याने मोटारीकडे पाहिलं आणि अवघडून विचारलं, "तुम्ही गाडी विकणार काय?"

मी नाही म्हणालो.

गेल्या आठवड्यात एक तरुण गृहस्थ आले होते. त्या छोट्या रेल्वेच्या शंभरीनिमित्त इकडेही प्रदर्शन भरतं आहे, जुन्या मोटारी हव्या आहेत. बोलणं गोड, माहिती पुष्कळ. त्यांच्या जागी मला बसून पाहता आलं, म्हणून असेल, त्यांच्याविषयी राग आला नाही. बॉनेट उघडलं, दिवे पाहिले, मान डोलावली. मग मागचं दार उघडलं.

"चामडं ओरिजिनल स्टाइलचं आहे. मस्त. फक्त हा डाग..."

वरच्या कोपऱ्यात चामडं काळं पडलं आहे. तेलकट, हाताएवढं. वर्षानुवर्षं मासळी कापणारा, मीठ लावणारा एक हात तिथे एकाच जागी ठेवला गेला, त्याचा तो डाग. बोटं स्पष्ट नाहीत. पण कडेने पाहिलं की पंजा आहे हे कळतं.

"एवढा पॅनल बदलून घ्या, सर. आमच्याकडे कारागीर आहे. मूळ रूपात येईल."

या वेळी मी सांगितलं. दोन वाक्यांत नाही, सगळं सांगितलं. ते ऐकत उभे राहिले. घड्याळ एकदा पाहिलं, पण गेले नाहीत. शेवटी म्हणाले, "मग सर, पाठवणार का गाडी? आहे तशी?"

"नाही," मी म्हणालो. "तिकडे पाटी लावतात."

ते गेल्यावर दार उघडंच होतं. खाडीवरून वारा आला, त्याला सुकटीचा वास होता. माझी मुलगी आता लग्नाची आहे. ती ओट्यावरून म्हणाली, "बाबा, दार लावा, धूळ जाईल आत." मी उठलो नाही. त्या डागावर हात ठेवावा असं मला दरवर्षी वाटतं. आजवर ठेवला नाही. ती जागा पारूची होती, मग तिच्या आईची झाली. मला फक्त दार उघडायचं काम दिलेलं आहे, आणि ते मी उघडून बसतो.